पाण्याकाठचा पुदिना

मॅसॅच्युसेट्सच्या रानात भटकताना मध्येच दगडी गडगे लागतात. थेट कोकणातल्यासारखे, चुन्यामातीशिवाय रचलेले. भर जंगलात गडगे कुणी घातले असतील? तर दीड-दोनशे वर्षांपूर्वी इथे जंगल नव्हतंच, शेतं होती. माणसं चांगल्या जमिनीच्या शोधात पश्चिमेला गेली, काही गिरण्यांत लागली, आणि मागे झाडांनी सगळं परत घेतलं.

गेल्या जुलैत अशाच एका पडक्या जोत्यापाशी बसले होते. घराचा पत्ता नाही, नुसता तळघराचा खड्डा आणि त्यात ऐटीत वाढलेला मेपल. खालच्या ओहोळात पाय धुवायला उतरले आणि पायाखालून एकदम वास आला. खोड चिमटीत धरून फिरवलं, तर चौकोनी! पानं समोरासमोर. पुदिनाच की! अमेरिकेचा स्वतःचा रानपुदिनाही आहे, पण त्याची फुलं पानांच्या बेचक्यात गुच्छांनी येतात. याचा जांभळट तुरा शेंड्यावर होता. म्हणजे हा पाहुणा.

पुदिन्याला इथे येऊन बराच काळ लोटलाय. जॉन जॉसलिन नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६७२ साली न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे याच मुलखात, कोणत्या विलायती वनस्पती रुजतात त्याची यादी छापली, तीत स्पिअरमिंट नावाचा पुदिना आहे. सताप मात्र जेमतेमच येतो, असंही त्याने नोंदवलंय. (आमच्या आजीचाही सताप असाच रुसायचा.)

मला सापडलेला होता पेपरमिंट, तो मागाहून आलेला. हा संकर, आणि जवळजवळ वांझच. बी धरत नाही, जमिनीखालून मुळ्या पसरत जातो. म्हणजे त्या ओहोळाकाठची झुडपं ही कधीतरी कुणीतरी लावलेल्या एखाद्या काडीचीच पिलावळ. पोटदुखीवर, चहात घालायला म्हणून लावली असेल. लावणारीचं घर गेलं, काडी हिंडतेच आहे.

मूठभर खुडून आणला, हिरवी मिरची-आलं-लिंबू घालून चटणी वाटली. पहिल्याच घासाला नवरा म्हणाला, "टूथपेस्ट कोणती घातलीस?" खरंच होतं. मेंथॉलपुढे बिचाऱ्या मिरचीचं काही चालेना. चटणीचा पुदिना तो स्पिअरमिंटच.

उरलेल्या दोन काड्या मी पेल्यात ठेवल्या, मुळ्या फुटल्यावर कुंडीत खोचल्या. यंदा कुंडीच्या बुडाच्या भोकातून एक मुळी बाहेर पडून शेजाऱ्यांच्या हिरवळीकडे निघाली आहे. अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.