उंबऱ्यावरचं पिल्लू

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आपण दोन महिन्यांचं पिल्लू पिशवीत घालून घरी आणतो, तेव्हा ते फिरवायचं काम आपल्या गळ्यात पडतं. आणि त्याला पहिल्यांदा घराबाहेर न्यायची आपल्याला घाई फार!

आधी लस. त्रिगुणी लस, म्हणजे मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्र लस, पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं असताना सुरू होते आणि 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची 12 आठवड्यांनंतर. नसबंदीही उरकून टाकावी. भाटी चौथ्या महिन्यातही माजावर येते, मग गल्लीतले बोके दार सोडत नाहीत.

तोवर घरात एकच धडा. ताटली चमच्यानं वाजवायची, पिल्लू आलं की लगेच खाऊ. रोज, त्याच आवाजात. छातीपट्टाही घरातच चढवावा, आत दोन बोटं जेमतेम जावीत. सैल असला तर पिल्लू मागे सरकत सरकत त्यातून अलगद निसटतं. पहिल्यांदा बांधल्यावर ते ओल्या फडक्यासारखं आडवं पडतं. आजारी नसतं ते, रुसलेलं असतं.

पहिली फेरी जेवणाआधी, दिवसाउजेडी, परड्याच्या दारानं. उचलून नेऊ नये. आपल्या पायांनी गेलं तर वास हुंगत वाट लक्षात ठेवतं. कडेवरून नेलं आणि कुत्रं भुंकलं, तर आपला दंड ओरबाडून भलतीकडेच पळतं. दार मागे उघडं हवं. बराच वेळ ते उंबऱ्यावरच बसेल, मिशा पुढे, एक कान रस्त्याकडे, एक घरात. बसू द्यावं. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात हा उद्योग न केलेलाच बरा. कौलं शेवाळतात, गवतात काय दडलंय दिसत नाही. पाण्याच्या हौदावर झाकण हवंच. निपाणीकडे अंगणात तंबाखू वाळत असेल, तर तिकडे फिरकूसुद्धा देऊ नये: अंगाला लागलेली भुकटी ते चाटतं, आणि निकोटीन मांजराला विषच. उंदराचं औषध शेजाऱ्यांनी कुठं ठेवलंय तेही विचारून घ्यावं, संकोच कसला?

हॉर्न वाजला की पिल्लू पळत येऊन पलंगाखाली शिरतं. ओढून काढू नये. दार तसंच उघडं ठेवून ताटली वाजवावी. थोड्या वेळानं नाकाचं टोक पुन्हा उंबऱ्याशी दिसतं.