सीट दोन बोटं वर

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं तेव्हा काटा ९१ वर होता. आता रोज पहाटे साडेपाचला दांडिया बाजारातून सायकल काढतो. सूरसागर, काळा घोडा, कमाटीबाग, अलकापुरी, आणि येताना अकोट्याचा पूल. बडोदं सपाट आहे, चढ म्हणाल तर हा पूलच.

पहिल्याच आठवड्यात गुडघे धरले. आई म्हणाली, "अरे, ठेव ती सायकल!" पण दोष सीटचा होता, फार खाली बसवलेली. टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल अगदी तळाला न्यायचं, तेव्हा पाय सरळ व्हायला हवा. माझा गुडघा चांगलाच वाकलेला राहत होता. पान्यानं नट सैल केला, दांडी दोन बोटं वर ओढली, पुन्हा आवळली. चार दिवसांत दुखणं गेलं. जड गिअर रेटणंही सोडलं, हलक्यावर पाय भरभर फिरवतो.

रविवारचं शेव-उसळ मात्र सोडलेलं नाही, फक्त पाव एकच घेतो. पाच महिन्यांत ८४ झालोय. काल पुलावर पहिल्यांदा धाप लागली नाही. खाली विश्वामित्रीवर धुकं होतं. मी थांबलो, उगाचच, बघायला.