प्रमाणपत्राची पडताळणी बंद करण्यापूर्वी

बेळगावच्या शहापूर भागात मुख्य कार्यालय आणि खानापूर व निपाणी येथे शाखा असलेल्या एका सोसायटीच्या संगणकप्रणालीची देखभाल मी काही वर्षांपासून करीत आहे. या सोसायटीचा मोठा व्यवहार पिग्मीचा आहे. एजंट रोज बाजारातून फिरून भाजीवाले, शिंपी, पानपट्टीवाले यांच्याकडून पन्नास-शंभर रुपये गोळा करतो आणि शाखेत भरतो. रक्कम खात्यावर पडताच खातेदाराच्या मोबाईलवर संदेश जातो. पुष्कळांच्या लेखी हा संदेश म्हणजेच पावती असते, त्यामुळे तो आला नाही की दुसऱ्या दिवशी सकाळी शाखा उघडण्याआधीच दारात माणसे उभी असतात.

पावसाळ्यातील एका सोमवारी हे संदेश तिन्ही ठिकाणी थांबलेले आढळले. पडद्यावर सगळीकडे एकच वाक्य होते: ‘सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही.’ मुख्य कार्यालयातील कारकून फोनवर म्हणाला, “सर, मी तीनदा बंद करून चालू केलो. त्यांचं पान ब्राउझरमध्ये उघडतंय, कुलूप पण दिसतंय. आपल्या प्रोग्राममध्येच काय तरी झालंय बघा की.” संदेश पाठवणाऱ्या दूरस्थ सेवेच्या मदत कक्षानेही आपल्या बाजूला सर्व ठीक असल्याचे कळवले आणि सोबत, प्रमाणपत्राची (म्हणजे समोरचा सर्व्हर खरोखर त्या सेवेचाच आहे हे सांगणाऱ्या डिजिटल ओळखपत्राची) पडताळणीच बंद करणाऱ्या चार ओळींचा कोड उपाय म्हणून पाठवला.

तो कोड मी वापरला नाही, आणि त्याचे कारण प्रथम सांगणे मला आवश्यक वाटते. पडताळणी बंद केली तरी जोडणीवरील मजकूर कूटबद्धच, म्हणजे सांकेतिक रूपातच, राहतो, म्हणून वरकरणी काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही; परंतु पलीकडे खरोखर ती सेवा आहे की वाटेत बसलेला दुसराच कोणी, हे विचारणे प्रोग्राम सोडून देतो. मग वाटेवरच्या कोणीही स्वतःच तयार केलेले प्रमाणपत्र पुढे केले तरी प्रोग्राम ते स्वीकारतो आणि खातेदाराचे नाव, मोबाईल क्रमांक, जमा रक्कम आणि सोसायटीचा त्या सेवेवरील पासवर्ड त्याच्या हवाली करतो. ‘तात्पुरत्या’ घातलेल्या अशा ओळी पुढे कोणी काढतही नाही, कारण त्या असल्याने कुठलाही संदेश अडत नाही. ज्यांनी पन्नास रुपये विश्वासाने एजंटच्या हाती दिले त्यांच्या माहितीशी असे वागणे मला मान्य नाही.

ब्राउझरमध्ये पान उघडते म्हणजे प्रमाणपत्र निर्दोष आहे, हा समज मात्र इतका पक्का रुजलेला आहे की त्याविषयी सविस्तर लिहायला हवे. सेवेचे प्रमाणपत्र एकटे नसते. त्यावर एका मधल्या प्रमाणपत्राची सही असते, त्या मधल्यावर मूळ प्रमाणपत्राची सही असते, आणि आपल्या संगणकाच्या विश्वसनीय यादीत सहसा फक्त ते मूळ प्रमाणपत्र असते. म्हणून स्वतःच्या प्रमाणपत्राबरोबर मधले प्रमाणपत्रही पाठवणे ही सर्व्हरची जबाबदारी आहे. ते पाठवायचे राहिले, तर ब्राउझर आपल्या परीने मार्ग काढतो: काही ब्राउझर प्रमाणपत्रातच लिहिलेल्या पत्त्यावरून मधले प्रमाणपत्र उतरवून घेतात, काही आधी दुसऱ्या संकेतस्थळावर पाहिलेले जपून ठेवतात, आणि फायरफॉक्स ज्ञात मधल्या प्रमाणपत्रांचा साठा आधीच बाळगतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेतील किंवा ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या साधनावर आधारलेला साधा प्रोग्राम यांपैकी काहीही आपणहून करीत नाही. त्याला जेवढे दिले जाते तेवढ्यावरच तो निर्णय देतो, म्हणून सर्व्हरच्या मांडणीविषयी ब्राउझरपेक्षा त्याची साक्ष अधिक खरी असते.

आमचा प्रोग्राम जावामधील आहे. त्याच्या नोंदवहीत ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ असे शब्द होते, म्हणजे दिलेल्या प्रमाणपत्रापासून विश्वसनीय मुळापर्यंत वाट सापडली नाही. मी ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या आज्ञेने सेवेच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करून, सर्व्हर पाठवतो ती सर्व प्रमाणपत्रे दाखवण्यास सांगितले. ही आज्ञा देताना सर्व्हरचे नावही वेगळ्या पर्यायाने स्पष्ट द्यावे; एकाच पत्त्यावर अनेक सेवा असतील आणि नाव गेले नाही, तर भलत्याच सेवेचे प्रमाणपत्र समोर येते आणि शोध चुकीच्या दिशेने जातो. उत्तरात शून्य क्रमांकाचे, म्हणजे सेवेचे स्वतःचे, एकच प्रमाणपत्र होते आणि खाली चूक क्रमांक २० व २१ होत्या. विसावी सांगते की सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. एकविसावी सांगते की त्यामुळे पहिलेच प्रमाणपत्र पडताळता येत नाही. प्रमाणपत्रावरील आरंभाची तारीख रविवारची होती. नूतनीकरण करताना मधले प्रमाणपत्र बसवायचे राहून गेले होते, हे यावरून स्पष्ट झाले. मी ते संपूर्ण उत्तर जसेच्या तसे मदत कक्षाला पाठवले, कोणते प्रमाणपत्र हवे तेही लिहिले, आणि दुपारी तीनच्या सुमारास साखळी पूर्ण झाली. मुख्य कार्यालयातून संदेश जाऊ लागले.

खानापूरचे मात्र सुरू झाले नाहीत, आणि नोंदवहीत शब्द तेच होते. येथे मी जवळजवळ दोन तास वाया घालवले. सेवेने या वेळी प्रमाणपत्र देणारी संस्थाही बदलली होती. नवे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे होते आणि त्याची साखळी ‘आयएसआरजी रूट एक्स१’ या मूळ प्रमाणपत्रापाशी संपत होती. जावा ८ च्या स्वतःच्या विश्वसनीय यादीत हे मूळ प्रमाणपत्र जुलै २०१७ मधील १४१ क्रमांकाच्या अद्यतनापासून आले, आणि खानापूरच्या विंडोज ७ संगणकावरील जावा त्याहून जुनी होती. मी दूरस्थ जोडणीने ते मूळ प्रमाणपत्र जावाचे कीटूल हे साधन वापरून यादीत घातले, तरी चूक जाईना. शेवटी लक्षात आले की त्या संगणकावर जावा दोन ठिकाणी आहे: एक विंडोजमध्ये नेहमीप्रमाणे बसवलेली आणि दुसरी आमच्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये, त्याच्यासोबत आलेली. मी पहिलीची यादी दुरुस्त करीत होतो आणि प्रोग्राम दुसरी वाचत होता. यादीला हात लावण्यापूर्वी प्रोग्राम नेमकी कोणती यादी उघडतो हे पाहावे, असे मी इतरांना अनेकदा सांगितले आहे. त्या दिवशी मीच ते केले नाही.

अशा वेळी यादीत मूळ प्रमाणपत्रच घालावे, सेवेचे स्वतःचे नव्हे. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे साधारणतः ९० दिवसांची असतात, त्यामुळे सेवेचेच घातले तर तीन महिन्यांच्या आत हीच अडचण पुन्हा उभी राहते. शिवाय सर्वच संस्थांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत आता टप्प्याटप्प्याने कमी होत आहे: ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७. मूळ प्रमाणपत्रही ते देणाऱ्या संस्थेच्याच पानावरून, अद्ययावत संगणकावर उतरवून घ्यावे आणि यादीत घालताना त्याचा एसएचए-२५६ ठसा (त्या प्रमाणपत्राची अंकी ओळखखूण) जुळवून पाहावा. कायमचा उपाय म्हणून मी पुढच्या आठवड्यात खानापूरला जाऊन प्रोग्रामसोबतची जावाच बदलली.

निपाणीचे कारण अगदीच वेगळे निघाले. तेथून शनिवारपासूनच संदेश जात नव्हते, हे नंतर नोंदी पाहताना कळले. सोमवारच्या गोंधळात ती शाखाही याच कारणात धरली गेली होती. तेथील नोंदवहीत सर्वांत खाली ‘सर्टिफिकेट नॉट येट व्हॅलिड’ असे लिहिलेले होते. संगणकाच्या मदरबोर्डवरील, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपला होता, वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षे मागे गेले होते, आणि त्या घड्याळाच्या हिशेबाने कालचेच काय, त्याआधीचे प्रमाणपत्रही अजून जन्मालाच आले नव्हते. खात्यांवरील तारीख मुख्य कार्यालयातून येत असल्याने शाखेत कोणाच्या ते ध्यानात आले नाही. मॅनेजरसाहेबांनी शेजारच्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणवला आणि दहा मिनिटांत काम झाले.

तीन वेगळी कारणे एकाच वाक्यामागे लपली, हा दोष आमच्या प्रोग्रामचा होता. आता पडद्यावर ते वाक्य येतेच, पण त्याखाली मूळ कारण, सर्व्हरने किती प्रमाणपत्रे पाठवली, शेवटची सही कोणाची आणि संगणकाची तारीख काय, हेही येते. सही कोणाची हे मुद्दाम ठेवले आहे, कारण काही अँटिव्हायरस जोडणीच्या मध्ये बसून स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतात आणि तसे असल्यास तेथे त्या अँटिव्हायरसचेच नाव दिसते. टीएलएसची (सुरक्षित जोडणीच्या नियमावलीची) आवृत्ती न जुळणे हा प्रकार यात धरू नये. तेथे बोलणी प्रमाणपत्रापर्यंत पोहोचतच नाहीत.

थांबलेले संदेश मी सोमवारी रात्री लगेच सोडले नाहीत. निपाणीचे संदेश शनिवारच्या आणि रविवारच्या रकमांचे होते, आणि ते सोमवारी एकदम मिळाले असते तर खातेदारांनी त्या रकमा सोमवारीच जमा झाल्या असे धरले असते. संदेशाच्या मंजूर मजकुरात तारखेची जागा होती, परंतु प्रोग्राम तेथे पाठवण्याची तारीख भरत होता. ती बदलून रक्कम जमा झाल्याची तारीख भरली, आधी स्वतःच्या क्रमांकावर दोन संदेश पाठवून पाहिले, आणि मंगळवारी सकाळी बाजार भरण्याच्या आत उरलेले सगळे पाठवले.