स्टिरिओ बसला, पण तेराशे पाच लागेना

नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ साडेसहा हजारांत येतो आणि साडेसहा हजारांचं काम करतो. माझी तक्रार स्टिरिओबद्दल नाहीच. ती आहे बसवणाऱ्याच्या एका वाक्याबद्दल, "रेडिओ कोण ऐकायलंय सर आता?"

आमचे आप्पा ऐकायलेत. आकाशवाणी परभणी, मिडियम वेव्ह, १३०५ किलोहर्ट्झ. आप्पांच्या तोंडी नुसतं 'तेराशे पाच'. मी परभणीत राहतो, शेत बोरीच्या पुढं, जिंतूर रोडला. शेताकडं निघालो की गाडीत तेराशे पाच लागलंच पाहिजे. पाऊस कुठं झाला, कृषी विद्यापीठ सोयाबीनवर काय फवारा म्हणतंय, मधेच एखादं भावगीत. कंपनीच्या जुन्या स्टिरिओवर ते खणखणीत लागायचं. पण त्यात सीडी अडकून बसली होती आणि आवाजाचं बटण स्वतःच्या मर्जीनं चालायला लागलं होतं, म्हणून तो बदलायला काढला.

गाडी २०१२ची पोलो, पुण्याहून सेकंड हॅन्ड आणलेली. स्टिरिओ ऑनलाइन मागवला. फ्रेम आणि कप्लर (गाडीच्या वायरिंगला स्टिरिओ जोडणारा प्लग) गाडीच्या मॉडेलप्रमाणं वेगळे मागवावे लागतात, आणि पोलोसाठी कप्लरसोबत कॅनबसचा छोटा डबाही घ्यावा. चावी फिरवली हे स्टिरिओला कळवायचं काम तो करतो. हे सगळं हातात असेल तर बसवायला एक दुपार पुरते. मीही एका दुपारी स्टेशन रोडच्या बाजूच्या एका दुकानात बसवून घेतला, मजुरी आठशे. गाणी वाजली, नकाशा चालला, ब्लूटूथ जोडलं गेलं. खोक्यावर '४ × ५० वॅट' छापलंय ते मनावर घेऊ नका. मागं फ्यूज १० अँपिअरचा आहे. गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट धरले तर सगळे मिळून १४० वॅट होतात, त्यातून २०० कुठून निघणार? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो, असले आकडे मला दिसतातच.

दुकानातून निघताना मी एएम, म्हणजे मिडियम वेव्हचा बॅन्ड, लावून पाहिला. पडद्यावर १३०० आलं. एकदा पुढं केलं तर १३१०. मागं केलं तर पुन्हा १३००. मधलं तेराशे पाच हा आकडाच त्या यंत्राला ठाऊक नव्हता. मी दुकानदाराला दाखवलं.

"चायना माल आहे सर. एएम नाहीच लागत यात."

"पण एएमचा बॅन्ड तर दिलाय की."

"दिलाय, पण लागत नाही. रेडिओ कोण ऐकायलंय सर आता? मोबाइलवर लावा ना."

मोबाइलवर लागतं, मला माहीत आहे. प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर ॲप मीही वापरतो. पण आमच्या शेताजवळ नेट कधी येतं, कधी दडी मारतं. शिवाय आप्पांना गाडीत बसल्या बसल्या एक बटण दाबायचंय, ॲप उघडून परभणी शोधत बसायचं नाही. दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाच्या सीट कव्हरकडं वळला होता. माझा फोनही मग त्यानं उचलायचा सोडला.

घरी आल्यावर डोक्यात ते १३०० आणि १३१० फिरत राहिलं. उडी दहाची होती. १३०५ला नवानं भागा, १४५ येतात, बाकी शून्य. छत्रपती संभाजीनगरच्या आकाशवाणीचं मिडियम वेव्हचं १५२१ घ्या, नऊ गुणिले १६९. बॅन्डची सुरुवात ५३१, तेही नवाच्या पाढ्यातलं. १९७५च्या जिनिव्हा करारानुसार आशिया, युरोप, आफ्रिकेत मिडियम वेव्हची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली आहेत. अमेरिकेत मात्र दहाची उडी. म्हणजे माझा स्टिरिओ परभणीत बसून अमेरिकेचा रेडिओ शोधत होता! एफएमवर हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण अमेरिकेत एफएम केंद्रांच्या आकड्यात दशांश विषम असतो, आणि ९३.५, ९८.३ असे आपल्याकडचे खपणारे आकडेही तसेच. दुकानदार फक्त एफएम लावून बघतो आणि गाडी बाहेर काढतो.

प्रदेश बदलायची सोय असते, पण रेडिओच्या साध्या सेटिंगमध्ये ती सापडत नाही. फॅक्टरी सेटिंग नावाच्या कप्प्यात जावं लागतं आणि तो पासवर्ड मागतो. माझ्या स्टिरिओला ८८८८ चालला. तुमचा वेगळा असू शकतो, विकणाऱ्याला चॅटवर विचारा, ते देतात. आत गेल्यावर रेडिओच्या खाली यूएसए होतं, ते युरोप केलं. बाकी कशालाही हात लावू नका. तिथंच टचस्क्रीनची आणि कॅनबसची निवडही असते आणि तिथं चुकीचं काही दाबलं तर पडदा आडवातिडवा होऊन बसतो.

आता १३०५ आलं. आकडा आला, आवाज नाही. नुसती खरखर, आणि त्या खरखरीत कुठंतरी खोल एक बाई बातम्या देत होती.

पुन्हा तेच दुकान. "आता आला ना नंबर? मग झालं की." मी म्हटलं, अँटेनाचं बघा. तो म्हणाला, अँटेना लावलेली आहे, ओढून बघा. खरंच लावलेली होती. मग रेंज नसल्याचं सांगून झालं, हवामानाचं सांगून झालं, मोठी अँटेना घ्या म्हणून सांगून झालं. परभणी शहरात उभं राहून परभणी आकाशवाणीला रेंज नाही, हे ऐकताना मला हसावं का रडावं कळेना. फ्रेम उघडून दाखवा म्हटलं की "आज पोरगा नाही", "उद्या या", "रविवारी निवांत बघू". मी रविवारीही गेलो. रविवारी दुकान बंद.

शेवटी शेजारच्या गल्लीतल्या आयटीआय झालेल्या भाच्याला बोलावलं आणि अंगणात फ्रेम आम्हीच काढली. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. प्लॅस्टिकची पट्टी घेऊन क्लिपा उचलायच्या, स्क्रू ड्रायव्हर घातला की डॅशबोर्डवर ओरखडा पडतोच.

आत काय दिसलं तर स्टिरिओची निळी वायर काळ्या टेपमध्ये गुंडाळून मागं कोंबून ठेवलेली. वायरिंगमध्ये पिवळी म्हणजे कायम बारा व्होल्ट, लाल म्हणजे चावीवर, काळी अर्थिंग. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या जोड्या चार स्पीकरच्या. निळी अँटेनाची. रेडिओ चालू झाला की तिच्यातून बारा व्होल्ट बाहेर येतात. पोलोच्या छतावर मागं जी छोटी अँटेना असते, तिच्या बुडाशी सिग्नल वाढवणारा बूस्टर असतो आणि त्याला वीज लागते. ही वीज वेगळ्या तारेनं जात नाही, अँटेनाच्याच केबलमधून वर चढते. कंपनीचा स्टिरिओ ती स्वतः पाठवायचा. बाहेरचा स्टिरिओ ती त्या केबलमधून पाठवत नाही, निळ्या वायरीतून देतो. तिला मधे घालायला बूस्टर-फीड असलेलं अडॅप्टर लागतं. त्याची एक बाजू गाडीच्या अँटेना केबलच्या पिनला (तिला फाक्रा म्हणतात), दुसरी स्टिरिओच्या जाड पिनला, आणि मधून निघालेली बारीक वायर स्टिरिओच्या निळीला. दुकानदारानं साधं, त्या बारीक वायरीशिवायचं अडॅप्टर लावलं होतं. शहरात एफएमचे सिग्नल जोरात असतात, म्हणून तेवढं भागून जातं. बिनविजेच्या बूस्टरमधून मिडियम वेव्ह कशी उतरणार?

फाक्रा अडॅप्टर परभणीच्या बाजारात मिळालं नाही. जे दाखवलं ते तेच, साधं. ऑनलाइन साडेतीनशेला मिळालं. ते येईपर्यंत आप्पा गाडीत बसले की पडद्याकडं बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. निळ्या वायरीचं तोंड मोकळं सोडायचं नाही, ते बॉडीला टेकलं तर स्टिरिओतला तो भाग जळू शकतो. स्पीकरच्या वायरींचंही तसंच, त्यातली काळ्या रेघेची वायर अर्थिंग नाही, तिला बॉडीला जोडू नका.

अडॅप्टर लावलं, निळी जोडली, चावी फिरवली आणि तेराशे पाच असं लागलं की भाचा दचकला. आवाज आधीपासून पूर्ण वाढवलेला होता.

थोडी खरखर तरी राहिलीच. ती सिगारेट लायटरच्या सॉकेटमधल्या मोबाइल चार्जरची निघाली, चार्जर काढला की गेली. असले स्वस्त चार्जर बारा व्होल्टचे पाच करताना गोंगाट सोडतात आणि मिडियम वेव्ह तो उचलते. झरीच्या आसपास हाय टेन्शनच्या तारांखालून जाताना अजूनही गाडी करकरते, पण ती जुन्या स्टिरिओवरही करकरायची.

एवढं झाल्यावर मी त्या दुकानात गेलो. भांडायला नाही, पण न सांगता राहवेना. अडॅप्टरचा फोटो दाखवला, निळी वायर दाखवली. त्यानं फोटो मोबाइलवर मागून घेतला आणि "पोलोला लागतंय व्हय हे" म्हणाला. आठशे रुपयांतले काही परत देण्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. पण तुम्ही दुकानात बसवून घेणार असाल तर पैसे देण्याआधी स्वतः सीटवर बसा, एएमवर तुमच्या जिल्ह्याचं केंद्र लावा आणि ते लागेपर्यंत उठू नका. आणि फोनसाठी बाहेरचा माइक सोबत येतो, तो त्याच वेळी ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबाला लावून घ्या. आतल्या माइकवर समोरच्याला आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू जातो, आणि नंतर तेवढ्यासाठी फ्रेम पुन्हा काढायला कोणताच दुकानदार तयार होत नाही.