चोपता-तुंगनाथ: अल्पाइन अ‍ॅक्सेंटरसाठी चंद्रशिलेवर धापा टाकू नका

निकाल आधीच सांगून टाकतो. अल्पाइन अ‍ॅक्सेंटर हा छोटा पहाडी पक्षी बघायला उत्तराखंडातल्या तुंगनाथला जात असाल तर तिथल्या देवळाच्या वर चंद्रशिला शिखरापर्यंत जायची अजिबात गरज नाही. आम्हाला मात्र तिकडेच पिटाळण्यात आलं. "सरजी, टॉप पे पक्का मिलेगा," असं गाइडने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि त्या 'पक्का'चे पैसे वेगळे लावले होते.

ऋषिकेश-रुद्रप्रयाग-उखीमठ-चोपता हा रस्ता सगळ्यांना पाठ आहे, त्यावर लिहीत नाही. वाटेवरचं देवरिया ताल हे तळं छान झालं, पक्षीही भरपूर मिळाले. पुढे.

आम्ही एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो. देवळाचे कपाट (दरवाजे) तेव्हा बंद असतात, देवाची डोली हिवाळ्यापासून खाली मक्कूमठ गावी असते. पण याचा आपल्याशी संबंध काय, हे कुणी सांगत नाही. कपाट बंद म्हणजे वाटेवरच्या बहुतेक टपऱ्या बंद, वर चहा नाही, पाणी नाही. खायला-प्यायला सगळं चोपत्यातूनच उचला. वन खात्याच्या गेटवर प्रवेशाची पावती फाडावी लागते, कारण हा सगळा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो. पावती मागून घ्या आणि खिशात ठेवा.

चोपता ते तुंगनाथ ही साडेतीन-चार किलोमीटरची फरसबंदी वाट. सह्याद्रीत फिरणाऱ्याला चढाचं काही वाटणार नाही, दम लागतो तो उंचीमुळे. देऊळ 3,680 मीटरवर आहे. खरा ताप देवळानंतर सुरू होतो. चंद्रशिला साधारण 4,000 मीटर, अंतर जेमतेम दीड किलोमीटर, पण मधला एक आडवा उतार बर्फाने भरलेला होता. सकाळी तो काचेसारखा टणक. पाऊल घसरलं तर थेट खालच्या दगडांत. अकराच्या सुमारास तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. म्हणजे लवकर गेलात तर घसरा, उशिरा गेलात तर रुता. वर दुपारी ढग येतात ते वेगळंच.

या पट्ट्यासाठी चोपत्यात 'क्रॅम्पॉन', म्हणजे बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे दाते, भाड्याने मिळतात. क्रॅम्पॉन कसले, रबरी पट्ट्याला अडकवलेली साखळी! जोडीला तीनशे रुपये आणि वर डिपॉझिट. माझ्या डाव्या पायातली कडी पहिल्या पन्नास पावलांत उघडली. परत देताना तीच कडी दाखवून डिपॉझिट कापलं. पुण्या-मुंबईहून स्वतःचे मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे छोटे खिळे) घेऊन जा, काही ट्रेकच्या भाड्यात वसूल होतात.

आणि माथ्यावर? वारा, सेल्फीवाले, पिवळ्या चोचीचे चफ (कावळ्यासारखे काळे पक्षी). अ‍ॅक्सेंटर नाही. गाइड म्हणे, "आज हवा ज्यादा है." हवा रोजच ज्यादा असते हो तिथे.

पक्षी मिळाला तो उतरताना, देवळाच्या जरा खाली, फरसबंदीच्या कडेला. बर्फ वितळून जिथे ओलं, तपकिरी गवत उघडं पडतं, नेमक्या त्या रेषेवर तो चरत होता. बर्फावर गारठून पडलेले किडे आणि गवताचं बी टिपत पुढे सरकायचं, हा त्याचा उद्योग. चिमणीपेक्षा मोठा, बुलबुलापेक्षा लहान. डोकं आणि छाती राखाडी, कुशीला तांबूस जाड रेघा, गळ्यावर पांढऱ्यात काळे ठिपके, चोचीचा बुडखा पिवळा. अंग जमिनीला चिकटवून चालायचा, मधेच एखादी उडी, की पंख झटकायचा. एक ट्रेकर काठी आपटत शेजारून गेला. हा पठ्ठ्या दोन हात उडाला, पलीकडच्या दगडावर बसला आणि परत खाली. माणसाची भीती जवळजवळ नाहीच. म्हणूनच सांगतो, मोबाइलवर पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवू नका आणि बिस्किटं टाकू नका. बर्फाची कड शोधा, बसून राहा, तो स्वतःच जवळ येतो.

आता फसवणुकीचा दुसरा प्रकार. चोपत्याच्या आसपास झुडपांत रूफस-ब्रेस्टेड अ‍ॅक्सेंटर दिसतो. तो दाखवून "अ‍ॅक्सेंटर हो गया" म्हणत यादीवर खूण करणारे गाइड आहेत. त्याला डोळ्यावर ठसठशीत भुवई असते आणि छाती नारिंगी. अल्पाइनला भुवई नाही. अल्ताई अ‍ॅक्सेंटर मात्र खरंच गोंधळात टाकतो. तो हिवाळ्यात थव्याने येतो, गळाही तसाच ठिपक्यांचा. तिथे छाती बघा: सलग राखाडी असेल तर अल्पाइन, छातीवरच तांबूस रेघा आणि पोट पांढरट असेल तर अल्ताई. फोटो घेताना छाती समोरून आली पाहिजे, पाठीच्या फोटोवर नंतर नुसते वाद होतात.

300 मिमीची लेन्स पुरते. 600 मिमीची लेन्स वर उचलून नेलेल्या आमच्यातल्या एकाची मान अजून धरलेली आहे. मागे बर्फ असला की एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, नाहीतर राखाडी पक्षी काळा ठिक्कर येतो.

मोनाल या रंगीबेरंगी पक्ष्यासाठी पहाटे निघणं ठीक, अ‍ॅक्सेंटरसाठी नको. ऊन पडून बर्फाची कड ओली व्हायला लागली की देवळाच्या आसपास, भिंतींच्या बुडाशी आणि वाटेच्या दगडी कठड्यावर बघा. गाइड घ्यायचाच असेल तर त्याला आदल्या रात्री तिन्ही अ‍ॅक्सेंटरांचे फोटो दाखवून विचारा यातला अल्पाइन कुठला. अडखळला तर त्याला फक्त मोनालपुरता ठेवा. आणि परतीच्या गाडीचं भाडं चोपत्यात उतरायच्या आधीच ठरवा. वरून थकून आलेल्या माणसाला उखीमठपर्यंतचा भाव दुप्पट सांगतात, आणि आपण तो देतो, कारण तोपर्यंत बूट काढायचीही ताकद उरलेली नसते.