तुम्ही विचारलेत म्हणून : ‘आता मोकळ्या झालात ना?’

शेजारी, शाळेतल्या सहकारी, गोकुळपेठच्या बाजारात भेटणाऱ्या ओळखीच्या बायका, अशा कितीतरी जणींनी हा प्रश्न मला इतक्या मायेने विचारला आहे की ‘हो’ म्हणण्यावाचून मला दुसरे काही सुचले नाही. तुम्हीही परवा तोच विचारलात. पण तुमच्या धाकट्या बहिणीचे रेडिएशन पुढच्या आठवड्यात संपते आहे म्हणून विचारलात, तेव्हा या वेळी खरे उत्तर देते.

माझ्या उजव्या स्तनात कर्करोगाची गाठ होती. 8 किमो, शस्त्रक्रिया आणि रेडिएशनचे 15 शेक असे सगळे होऊन फेब्रुवारी 2022 मध्ये माझे उपचार संपले. शेवटच्या दिवशी मशीनवरच्या मुलाने हात जोडून ‘ताई, आता इकडे येऊ नका’ असे म्हटले, मी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि गाडीत येऊन बसताच मला रडू कोसळले. हे आनंदाचे रडू आहे असे माझ्या यजमानांना वाटले. मला मात्र भीती वाटली होती. इतके महिने कोणी ना कोणी माझे रक्त तपासत होते, वजन करत होते, जखम पाहत होते. उद्यापासून हे शरीर माझे मलाच पाहायचे होते, आणि ते कसे पाहावे हे मला येत नव्हते.

फिट्झ्यू मुलन हे अमेरिकी डॉक्टर स्वतः कर्करोगातून गेलेले होते. त्यांनी 1985 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखाविषयी मी पुढे वाचले. बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढण्याचे तंत्र आपण शिकलो, पण बाहेर काढल्यावर त्याला काठावर एकट्याने खोकत आणि ठसकत सोडून देतो, असे त्यात होते. ते वाचल्यावर माझी मलाच खूण पटली. काठावरचे ते दिवस तुमच्या बहिणीच्या वाट्याला येतील, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी बोटांचे सांगते. किमोमधल्या काही औषधांनी हातापायांच्या नसा दुखावतात. मुंग्या येतात आणि मग बधिरपणा येतो. घरी आल्यावर मी हौसेने तांदूळ निवडायला बसले, तर खडा डोळ्यांना दिसत होता पण बोटांना लागत नव्हता. ब्लाउजचे हूक लावता येईनात. पायातली चप्पल मागे राहिली तरी चार पावले कळत नसे. त्याच वर्षी मे महिन्यात गच्चीवर कुरडया वाळत घालायला मी अनवाणी गेले. नागपुरातली मे महिन्यातली गच्ची कशी तापते हे तुम्हाला माहीत आहे. मला काहीच जाणवले नाही; संध्याकाळी मुलीने तळपायावरचे फोड पाहिले तेव्हा कळले. तेव्हापासून रोज रात्री निजण्यापूर्वी दोन्ही तळवे दिव्याखाली पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. बहिणीला घरातही पायात काहीतरी घालायला सांगा, आणि अंघोळीचे पाणी कोपराने पाहायला सांगा.

शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्यामुळे हाताचे दुखणे वेगळे. मी शिक्षिका असल्याने दिवसभर उजवा हात फळ्यावर उचललेला असे, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दोन आठवड्यांतच बांगड्या घट्ट होऊ लागल्या. ती सूज वेळीच दाखवली म्हणून आटोक्यात आली. आता मी दाब देणारी बाही घालते, भिंतीवर बोटांनी वर चढत जाण्याचा व्यायाम करते, आणि रक्तदाब मोजायचा असेल तर डावा हात पुढे करते. हात जपायचा म्हणजे गळ्यात बांधून ठेवायचा नाही, हळूहळू त्याची ताकद वाढवायची, हे मला फिजिओथेरपिस्टने पुन्हा पुन्हा सांगितले.

थकव्याविषयी घरच्यांना समजावणे मला सर्वांत जड गेले. हा थकवा झोपून जात नाही. मी जितकी पडून राहिले तितका तो वाढला, आणि महाराजबागेत रोज 10 मिनिटे चालायला लागल्यावर, फार सावकाश, तो हटू लागला. आठवड्याला 150 मिनिटे चालण्याचे डॉक्टरांनी सांगितलेले माप गाठायला मला सात महिने लागले. त्यातच कर्करोग परत येऊ नये म्हणून 5 वर्षे घ्यायची टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू झाली आणि अंगातून वाफा निघू लागल्या. कूलरसमोर बसूनही पदर भिजत असे. ही गोळी त्रास होतो म्हणून परस्पर बंद करू नये, नातेवाइकांनी सुचवलेला कोणताही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि पाळी गेल्यानंतर रक्तस्राव दिसला तर तो थेंबभर असला तरी लगेच सांगावा.

आता भीतीचे. पहिल्या वर्षी माझी पाठ दुखली की मला हाडात पसरलेला कर्करोग दिसे, खोकला आला की फुप्फुस दिसे. एका तपासणीच्या वेळी मी हट्टच धरला की संपूर्ण अंगाचा स्कॅन करा. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की काही लक्षण नसताना असे स्कॅन करत राहिल्याने स्तनाच्या कर्करोगात आयुष्य वाढत नाही. ठरलेल्या दिवशी येऊन तपासून घेणे आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी करणे पुरेसे आहे. ‘मग मला कळणार कसे?’ असे मी विचारले. त्यावर त्यांनी मला एक वही करायला लावली. दुखणे कोठे आहे, केव्हा सुरू झाले, कमी होते आहे की वाढते आहे, एवढेच तारखेसह लिहायचे. नवे दुखणे दोन आठवडे राहिले आणि ओसरले नाही, तर फोन करायचा; धाप लागली किंवा ताप आला, तर थांबायचे नाही. त्या वहीतली बहुतेक दुखणी चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप संपलेली आहेत. मला धीर देणाऱ्या शब्दांपेक्षा त्या तारखांनी अधिक आधार दिला.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही इतवारीत नणंदेकडे मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणून काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला गेलो होतो. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ हा गजर खालच्या गर्दीतून वर आला तेव्हा नणंदेने माझा हात धरून म्हटले, ‘वहिनी, तुमचंही गेलं बघा.’ तिचे प्रेम खरे होते आणि मीही मनापासून हात जोडले, परंतु घरी आल्यावर बाही काढून हाताची सूज मोजली. मला ही दोन्ही कामे लागतात.

यजमानांविषयी एकच सांगते. उपचार चालू असताना ते एकदाही डगमगले नाहीत, आणि माझ्या पहिल्या चांगल्या रिपोर्टनंतर महिनाभर त्यांना झोप लागली नाही. तुमच्या मेहुण्यांनाही ‘तुम्ही कसे आहात’ असे कोणीतरी विचारावे.

आज माझ्या अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात स्पर्श परतला आहे. पायांची बोटे अजून बधिरच आहेत. पुढच्या आठवड्यात बहीण घरी आली की कळवा. वही घेऊन येईन, म्हणजे तिला पहिले पान कसे लिहायचे ते दाखवता येईल.