‘गोळीबार झाला’, पण केला कोणी?

सांगलीतील एका वाचनालयासाठी १९४२-४३ च्या चळवळीतील घटनांची सूची संगणकावर तयार करताना मी प्रथम जो तक्ता आखला, त्यात घटना, दिनांक, स्थळ आणि ‘संबंधित व्यक्ती’ असे चारच रकाने होते. पहिली नोंद साहजिकच २४ जुलै १९४३ ची केली, कारण त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. चौथ्या रकान्यात मी दादा, त्यांचे साथीदार, त्या दिवशी हुतात्मा झालेले अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव आणि पाठलाग करणारे पोलीस अशी सारी मंडळी स्वल्पविराम देत लिहून टाकली. पुढे ‘तुरुंग कोणी फोडला?’ असा शोध घेतला, तेव्हा उत्तरात पोलीसही आले! संगणकाचे काही चुकले नव्हते; ‘संबंधित’ हा शब्दच असा आहे की तो दारात आलेल्या कोणालाही परत पाठवत नाही.

वास्तविक आपल्या दप्तरांना हा भेद जुनाच ठाऊक आहे. ग्रामसभेच्या इतिवृत्तात उपस्थितांच्या सह्या एकीकडे असतात आणि ठरावाखाली सूचक व अनुमोदक यांची नावे स्वतंत्र असतात. पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचाला त्या गुन्ह्याचा कर्ता कोणी समजत नाही.

संग्रहालयांच्या नोंदींसाठी तयार झालेल्या आणि २००६ मध्ये आयएसओ २११२७ हे मानक ठरलेल्या सिडॉक सीआरएम या आराखड्यात हाच भेद पायऱ्यांनी मांडला आहे. ‘पी १२’ हा संबंध एखादी व्यक्ती किंवा वस्तू घटनेच्या वेळी हजर होती, एवढेच सांगतो. ‘पी ११’ व्यक्तीचा सहभाग नोंदवतो. परंतु तिच्यामुळे घटना घडली, असे त्यातून निघत नाही. चित्रकारासमोर बसलेला माणूस व्यक्तिचित्राच्या निर्मितीत सहभागी असतो, पण चित्र त्याने काढलेले नसते. ‘पी १४’ मात्र कृती पार पाडणाऱ्याचा संबंध आहे आणि त्यात कारण म्हणून किंवा कायद्याने येणारी जबाबदारी गृहीत आहे. ‘पी १४’ लिहिले की ‘पी ११’ आपोआप खरे ठरते, उलट दिशेने मात्र नाही. (याच आराखड्यात जन्म ही कृती नसून नुसती घटना आहे आणि आई तिच्यात ‘सहभागी’ आहे. तर्काला हे धरून असेलही, पण आमच्या घरातल्या बायकांना हे समजावून सांगण्याची माझी छाती नाही.)

एवढे वाचून मी एका रकान्याचे ‘कर्ते’ आणि ‘सहभागी’ असे दोन रकाने केले आणि तिथेच दुसऱ्यांदा अडलो. दादांना कोठे बसवायचे? तुरुंग फोडण्याचे ते कर्ते होते, परंतु पाठलागातल्या गोळीबारात त्यांच्या खांद्यात गोळी लागली आणि तेथे कर्ते पोलीस होते. अडचण माणसांच्या वर्गवारीत नव्हती, तर मी दोन कृत्यांना एकच ओळ दिली होती, यात होती. कर्तेपण माणसाला कायमचे चिकटलेले नसते, ते त्या त्या कृतीपुरतेच असते. ओळ फोडून तुरुंगफोड आणि गोळीबार अशा दोन नोंदी केल्या, त्यांना त्या दिवसाच्या एका मोठ्या घटनेचे भाग म्हणून जोडले, आणि मग प्रत्येक नाव आपापल्या जागी बसले. मृत्यूच्या नोंदीसाठी आराखड्याचीच सूचना उपयोगी पडली. मृत्यू ही एरवी केवळ घटना असते. पण माणूस मारला गेला असेल, तर त्याच नोंदीला मृत्यू आणि कृती असे दोन्ही वर्ग द्यावेत, म्हणजे मारणाऱ्यालाही नोंदीत जागा मिळते.

‘पी १४’ मधल्या ‘जबाबदारी’ची दोषाशी गल्लत करून उपयोग नाही. तुरुंगफोड सरकारच्या लेखी गुन्हा होती आणि लोकांच्या लेखी पराक्रम. ‘पी १४’ दोन्हीकडे तेच राहते.

सर्वांत जास्त वेळ मात्र आपल्या भाषेने घेतला. ‘गोळी लागली’, ‘लाठीमार झाला’, ‘धरपकड झाली’ ही वाक्ये व्याकरणाने निर्दोष आहेत आणि त्यांत करणारा कोठेही नाही. गोळी तर वाक्यात स्वतःच कर्ता होऊन बसते. अशा वाक्यावरून नोंद करताना समोर आलेल्या पहिल्या अधिकाऱ्याचे नाव कर्त्याच्या रकान्यात घालण्याचा मोह होतो. आता मी तेथे ‘पाठलाग करणारे पोलीस’ असा गटच लिहितो, आणि गटही निश्चित कळत नसेल तर रकाना मोकळा ठेवून ते मूळ वाक्य शेजारी जसेच्या तसे उतरवतो.